चौथी आली आणि टूर जिंकली : बायकांची स्टेज रेस पहिल्यांदा बघताना

ऑगस्ट २०२४ मधली गोष्ट, रविवारची रात्र, मी लॅपटॉप डायनिंग टेबलवर ठेवून टूर द फ्रान्स फामची, म्हणजे फ्रान्समधल्या बायकांच्या सायकल रेसची, शेवटची स्टेज बघत होते आणि आई शेजारी बसून भेंडी चिरत होती. आल्प द्युएझचा घाट, एकवीस वळणं. डेमी व्होलरिंग पहिली आली, रेषा ओलांडली आणि थोड्या वेळाने रडायला लागली. मग पोलीना रोइयाकर्स, मग एविता म्यूझिक, आणि मग चौथी काशा न्येव्यादोमा, पिवळ्या जर्सीत, पोचली आणि रस्त्यावर आडवीच झाली, आणि पाच मिनिटांत सगळे तिला मिठ्या मारायला लागले. आईने सुरी खाली ठेवली आणि विचारलं, "पहिली आली ती रडतेय आणि चौथी आलेली जिंकली? हे काय गं?"

आईला हे समजावताना मला पाऊण तास लागला आणि भेंडी करपली. तेव्हा आता ज्याने ज्याने हा प्रश्न मला विचारलाय (ऑफिसातल्या दोघी, एक भाचा, सोसायटीतले सायकलवाले काका) त्या सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून काढते. सायकल चालवता आली नाही तरी चालेल. बेरीज-वजाबाकी यायला हवी.

पायरी १ : "पहिली कोण" हा प्रश्न डोक्यातून काढा, "किती सेकंदांनी" हा घाला

स्टेज रेस म्हणजे रोज एक रेस, असं सात-आठ-नऊ दिवस, आणि प्रत्येकीचा रोजचा वेळ बेरीज करत जायचा. शेवटी ज्या बाईची बेरीज सगळ्यात कमी ती जिंकली. या बेरजेच्या यादीला सगळे जीसी म्हणतात, जनरल क्लासिफिकेशन, आणि त्यात पहिली असते तिच्या अंगावर पिवळी जर्सी. रोजची रेस जिंकणारी वेगळी असू शकते, बहुतेक वेळा वेगळीच असते. एकही स्टेज न जिंकता आख्खी टूर जिंकता येते.

आता आईला जे गणित कागदावर करून दाखवलं तेच इथे. शेवटच्या दिवशी सकाळी व्होलरिंग काशाच्या १ मिनिट १५ सेकंद मागे होती, म्हणजे ७५ सेकंद. घाटावर ती काशाच्या १ मिनिट १ सेकंद आधी पोचली, म्हणजे ६१ गेले, उरले १४. स्टेज जिंकणाऱ्याला १० सेकंदांचा बोनस मिळतो (दुसरीला ६, तिसरीला ४), म्हणजे अजून १० गेले. उरले ४. आठ स्टेज, चोवीस तासांहून जास्त वेळ सायकलवर, आणि फरक चार सेकंदांचा. पुरुषांच्या टूरमधला सगळ्यात कमी फरक १९८९ चा, ८ सेकंद, ग्रेग लेमाँड आणि लॉरां फिन्यों. बायकांनी तो निम्म्यावर आणला.

आणि त्या ७५ सेकंदांचा उगम तीन दिवस आधी पाचव्या स्टेजला, आमनेविलमध्ये. तेव्हा पिवळी जर्सी व्होलरिंगच्या अंगावर होती, फिनिशला साधारण सहा किलोमीटर राहिले असताना घोळका पडला, त्यात ती पडली, माकडहाडाला फ्रॅक्चर, आणि त्या दिवशी तिचे १ मिनिट ४७ सेकंद गेले. सपाट स्टेजला नियम असा असतो की शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडलात तर तुमच्या ग्रुपचाच वेळ तुम्हाला मिळतो. ती सहा किलोमीटरवर पडली. तीन किलोमीटर पुढे पडली असती तर... असो, आईने इथे "अगंबाई" म्हणून कपाळाला हात लावला आणि मला कळलं की आता ही अडकली.

म्हणून पहिला नियम, रोज स्टेज संपली की कोण जिंकली हे बघून टीव्ही बंद करू नका, लगेच जीसीची यादी येते ती बघा, पहिल्या पाच नावांसमोरचे सेकंद एखाद्या चिठोऱ्यावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तो चिठोरा हातात असला की रेस दुप्पट कळते.

पायरी २ : वारा समजून घ्या, बाकी सगळं त्यातूनच येतं

नवीन माणसाचा हमखास प्रश्न, एवढी दमदार आहे तर सुरुवातीपासूनच एकटी पुढे का निघून जात नाही. उत्तर वारा. चाळीसच्या वेगाने सायकल चालवताना ताकद मुख्यतः हवा कापण्यात जाते, आणि पुढच्या चाकाला चिकटून चाललात तर साधारण तीस टक्क्यांच्या आसपास मेहनत वाचते, मोठ्या घोळक्याच्या पोटात असाल तर त्याहूनही जास्त. मी हे पुस्तकात वाचून नाही शिकले. एका रविवारी लोणावळ्याहून परत येताना तळेगावच्या अलीकडे समोरून वारा सुरू झाला आणि मी ग्रुपच्या मागे एक सायकलभर अंतर सोडलं, फक्त पाणी प्यायला, बाटली परत खाचेत घालेपर्यंत अंतर तीन सायकलींचं झालं, मग दहा, आणि पुढचे वीस किलोमीटर मी एकटी, हृदय तोंडात, ग्रुप समोर दिसतोय पण हातात येत नाही. त्या दिवसापासून कॉमेंट्रीत "चाक सुटलं" असं कोणी म्हटलं की माझ्या पायात गोळा येतो.

मोठ्या घोळक्याला पेलोटॉन म्हणतात. सकाळी पाच-सहा जणी त्यातून पुढे निघतात ती ब्रेक. पेलोटॉन त्यांना दोन-तीन मिनिटं देतं, मुद्दाम देतं, आणि शेवटच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये हळूहळू ओढून आणतं, कारण शंभर जणी आळीपाळीने वारा खातायत आणि पुढे फक्त पाच. बहुतेक वेळा ब्रेक पकडली जाते. पण "बहुतेक" या शब्दावर या खेळाचा जीव टांगलेला आहे, त्याचं सगळ्यात भारी उदाहरण पुढे सांगते.

घाटात वेग कमी झाला की वाऱ्याचा फायदा कमी होतो आणि जिची ताकद वजनाच्या मानाने जास्त ती निघून जाते. म्हणून सपाटावर कोणी कोणाला सोडत नाही आणि डोंगरावर मिनिटांनी फरक पडतात. बाजूने वारा असेल तर तिसराच प्रकार, रस्त्यावर तिरकी रांग लागते आणि रस्ता संपला की रांगेत जागा संपते, मागे राहिलेल्या जणी गटारीच्या कडेला लोंबकळतात आणि मग तुटतात. याला एशेलॉन म्हणतात. सपाट, कंटाळवाणी वाटणारी स्टेज असेल आणि झेंडे आडवे फडफडत असतील तर स्वयंपाकघरात जाऊ नका.

पायरी ३ : टीममधली कामं ओळखा

ही एकट्याची नाही, टीमची रेस आहे, आणि हे कळलं नाही तर सगळ्या बायका सारख्याच दिसतात. टूर द फ्रान्स फामला २०२५ साली २२ टीम होत्या, प्रत्येकीत सात जणी. सातातली एक लीडर, तिच्यासाठी बाकी सहा. कोणी तिच्यापुढे वारा खाते, कोणी मागे टीमच्या गाडीपर्यंत जाऊन जर्सीत सात-आठ बाटल्या कोंबून परत पुढे येते (पाठीला कुबड आल्यासारखी दिसते ना, तीच), कोणी लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देते. या कामकरी रायडरना डोमेस्टिक म्हणतात, मूळ फ्रेंच शब्द, अर्थ घरगडी. नाव वाईट आहे पण मान मोठा आहे.

स्प्रिंटरची, म्हणजे अगदी शेवटी सुसाट सुटून जिंकणारीची, टीम वेगळी चालते. शेवटच्या किलोमीटरला तिच्यापुढे दोघी-तिघी जीव तोडून ओढतात, एकेक करून बाजूला होतात आणि साधारण दोनशे मीटरवर स्प्रिंटर सुटते, याला लीडआउट म्हणतात. सध्या हे बघायचं तर लोरेना वीबेस बघा. २०२५ च्या टूरमध्ये तिसरी आणि चौथी स्टेज तिने लागोपाठ जिंकली आणि हिरवी जर्सीही नेली. शेवटचे तीन मिनिट फक्त तिचं हेल्मेट शोधा, बाकी कोणाकडे बघू नका, लीडआउट म्हणजे काय ते समजावून सांगावं लागणार नाही.

एक बारीक पण महत्त्वाचं, ओढण्याचं काम कधीकधी दुसऱ्याच टीमकडून फुकटात मिळतं. त्या आल्प द्युएझच्या दिवशी व्होलरिंगने आधीच्या ग्लांदाँ घाटावरच हल्ला केला, म्हणजे अचानक वेग वाढवून निघाली, रोइयाकर्स तिच्यामागे गेली आणि मागे काशा आपल्या टीमची कोणी सोबत नसताना राहिली. मधल्या दरीत वारा होता, पण तिच्या ग्रुपमध्ये दुसऱ्या टीमची एक रायडर आपल्या लीडरसाठी जोर लावत होती, काशाला त्याचा फायदा आपसूक मिळाला. चार सेकंद कुठून आले असं कोणी विचारलं तर मी तरी त्या दरीकडे बोट दाखवेन.

पायरी ४ : जर्सी

हे पटकन. पिवळी, एकूण वेळेत पहिली. हिरवी, पॉइंटात पहिली, म्हणजे साधारणपणे स्प्रिंटवाली. पांढरी त्यावर लाल ठिपके, डोंगरावर पॉइंट मिळवणारी. पांढरी, तरुणांतली पहिली. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये बोरघाटात पहिला येणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात, ठिपक्यांची जर्सी म्हणजे तेच, फक्त इथे राणी. इटलीत एकूण पहिलीला गुलाबी असते आणि स्पेनमध्ये लाल. आणि छातीवर आडवे इंद्रधनुषी पट्टे असलेली दिसली तर ती सध्याची जगज्जेती.

पायरी ५ : स्क्रीन वाचायला शिका

वर कोपऱ्यात फिनिशला किती किलोमीटर राहिले ते. खाली किंवा बाजूला ब्रेक आणि पेलोटॉन यांच्यातलं अंतर, मिनिट-सेकंदात. एवढ्या दोन आकड्यांवर रेस वाचता येते. जुना ठोकताळा असा की सपाटावर पेलोटॉन मनावर घेतलं तर दहा किलोमीटरला साधारण एक मिनिट खातं. म्हणजे तीस किलोमीटर उरलेत आणि अंतर दीड मिनिट, तर पकडणार. तीस उरलेत आणि अंतर पाच मिनिटं, तर मोबाइल खाली ठेवा.

डोंगराची स्टेज असेल तर घाटाचे दोन आकडे येतात, लांबी आणि सरासरी चढ. आल्प द्युएझ १३.८ किलोमीटर, ८ टक्क्यांच्या जरा वर. पुण्यातल्या लोकांना सांगायचं तर दोणज्याहून सिंहगड नऊएक किलोमीटर, तो संपल्यावर अजून जवळपास निम्मा सिंहगड, आणि हे आधी शंभराहून जास्त किलोमीटर आणि एक मोठा घाट झाल्यावर. मी सिंहगडच्या शेवटच्या वळणांवर उतरून सायकल ढकललेली आहे त्यामुळे मला या बायकांविषयी फार बोलायचा अधिकार नाही.

चेहऱ्याकडे बघू नका, खांद्यांकडे बघा. चेहरे सगळ्या नाटकी ठेवतात. खांदे डावी-उजवीकडे डोलायला लागले की ती संपत आलेली असते. आणि गॉगल वर करून केसांत खोवला की माझ्या अनुभवाने पुढच्या दोन मिनिटांत काहीतरी होतं, एक तर हल्ला करते नाहीतर मागे पडते.

पायरी ६ : न लिहिलेले नियम, आणि शू

हे कोणी आधी सांगत नाही म्हणून मी सांगते. चार-पाच तास सायकलवर, वर सतत पाणी पिणं, तर शू लागणारच. पुरुष बरेचदा चालत्या सायकलवरूनच उरकतात. बायकांना थांबावं लागतं, खांद्यावरून येणारी बिब शॉर्ट खाली करून रस्त्याच्या कडेला बसावं लागतं, म्हणून पेलोटॉनमध्ये एक समजूत असते की निवांत वेळ बघून सगळ्या मिळून थांबतात आणि पिवळी किंवा लाल जर्सीवाली थांबली असताना कोणी हल्ला करत नाही.

समजूत. नियम नाही. २०२३ ची स्पेनमधली व्हुएल्ता, सहावी स्टेज, लाल जर्सी व्होलरिंगच्या अंगावर, ती आणि तिच्या टीममधल्या काही जणी शूला थांबल्या आणि त्याच सुमारास पुढे आनेमीक व्हान फ्ल्यूटनच्या मोव्हिस्टार टीमने बाजूच्या वाऱ्यात जोर लावला. पेलोटॉन फुटलं. त्या दिवशी व्होलरिंगचं एक मिनिटाहून जास्त गेलं आणि जर्सी गेली. दुसऱ्या दिवशी शेवटचा घाट, लागोस दे कोव्हादोंगा, तो तिने जिंकला, आणि एकूण रेस नऊ सेकंदांनी हरली. मोव्हिस्टारचं म्हणणं, आमचा प्लॅन आधीच त्या जागेचा होता, वारा तिथेच मिळणार होता. यावर दोन तट आहेत आणि मी दोन्हीकडे जाऊन आलेय. आता माझं मत असं की वारा येणार हे नकाशावर दिसत असताना त्याच्या तोंडावर थांबणं ही चूकच, पण नऊ सेकंदांचा आकडा बघितला की पोटात कालवतं. नऊ आणि चार. दोन्ही वेळा तीच बाई.

लिहिलेले नियमही कडक असतात बरं का. २०२३ च्याच टूरमध्ये पंक्चरनंतर टीमच्या गाडीच्या आडोशाने परत आली म्हणून व्होलरिंगला २० सेकंदांची पेनल्टी बसली होती. ती टूर तिने तरीही तीन मिनिटांनी जिंकली, तुरमाले घाटाच्या धुक्यात सगळ्यांना सोडून. त्या वर्षी दुसरी लोटे कोपेकी आणि तिसरी काशा, दोघींची एकूण वेळ सेकंदापर्यंत सारखी, शेवटी टाइम ट्रायलमधले (एकेकटीने घड्याळाविरुद्ध चालवायची स्टेज) सेकंदाचे शंभरावे भाग मोजून नंबर लावला. सेकंदांचं मी उगाच धरून बसले नाहीये.

पायरी ७ : एक बाई निवडा

टीमा कळायला वेळ लागतो, स्पॉन्सर बदलला की नावंही बदलतात, त्यामुळे नव्या माणसाने टीम नाही, बाई निवडावी.

मारियान व्हॉस निवडलीत तर इतिहास फुकट मिळतो. २००६ मध्ये पहिल्यांदा जगज्जेती, २०१२ मध्ये लंडनला ऑलिंपिक गोल्ड, २०२४ मध्ये पॅरिसला सिल्व्हर, आणि २०२५ च्या टूरची पहिली स्टेज जिंकून पिवळी जर्सी, वय ३८. किम ले कोर्ट निवडा, मॉरिशसची. मॉरिशस म्हटलं की आपल्याला तिथली मराठी मंडळी आणि त्यांची गणपतीची मिरवणूक आठवते, ही मात्र तिथून निघून २०२५ मध्ये लीज-बास्तोन-लीज ही बेल्जियममधली एक दिवसाची मोठी रेस जिंकली आणि त्याच वर्षी टूर द फ्रान्स फामची पिवळी जर्सी घालणारी पहिली आफ्रिकन झाली. घाट आवडत असतील तर पोलीन फेराँ-प्रेव्हो. २०२४ मध्ये पॅरिसला माउंटन बाइकचं ऑलिंपिक गोल्ड घेतलं, मग रोडवर परत आली आणि पहिल्याच टूरमध्ये, २०२५ ला, मादलेनच्या घाटावर सगळ्यांना सोडलं, दुसऱ्या दिवशी शेवटची स्टेजही जिंकली. फ्रान्सला इतक्या वर्षांनी घरची विजेती मिळाली, रस्त्याच्या कडेला लोक रडत होते. एक मात्र सांगून ठेवते, त्या रेससाठी तिने बरंच वजन उतरवलं होतं आणि हे कायम ठेवण्यासारखं नाही असं तिने स्वतःच सांगितलं. स्वतः सायकल चालवणाऱ्या पोरींनी तिचे घाट बघावेत, ताट बघू नये.

आणि ज्यांना गणित आवडतं त्यांच्यासाठी आना कीसेनहोफर. वर म्हटलं ना, भारी उदाहरण सांगते म्हणून, ते हे. टोकियो ऑलिंपिक, जुलै २०२१. ऑस्ट्रियाची ही बाई गणितात पीएचडी, विद्यापीठात शिकवणारी, त्या वेळी कुठल्याही प्रोफेशनल टीमशी करार नाही. रेस सुरू झाली आणि ही झेंडा पडता क्षणी निघाली, सोबत अजून काही जणी. ऑलिंपिकमध्ये कानात रेडिओ नसतो, त्यामुळे मागे कोणाला नीट हिशोब लागला नाही, ब्रेकमधल्या बाकीच्या पकडल्या गेल्या तेव्हा डच टीमला वाटलं संपलं, सगळ्या आल्या. एक पुढे होती. त्याच डच टीममधल्या व्हान फ्ल्यूटनने रेषा ओलांडताना हात वर केले, गोल्ड मिळालं असं समजून, आणि कीसेनहोफर ७५ सेकंद आधीच पोचलेली होती. (परत ७५, योगायोग.) ती शेवटची पंधरा मिनिटं कुठे मिळाली तर जरूर बघा, मागच्या बायका शांतपणे एकमेकींकडे बघतायत आणि तुम्हाला सोफ्यावर बसून ओरडावंसं वाटतं, अहो मोजा ना.

पायरी ८ : थोडा इतिहास आणि पैसा, कारण कॉमेंट्रीत सारखा येतो

बायकांची टूर २०२२ मध्ये "सुरू झाली" असं ऐकाल, ते अर्धंच खरं. १९५५ मध्ये एकदा झाली, मिली रॉबिन्सन जिंकली. १९८४ ते १९८९ पुरुषांच्या टूरसोबतच झाली, पहिल्या वर्षी अमेरिकेची मारियान मार्टिन, शेवटची तीन वर्षं जानी लोंगो. मग बंद. पुढे वेगवेगळ्या नावांनी वेगवेगळ्या लोकांनी फ्रान्समध्ये रेसा भरवल्या, पैशांअभावी त्याही आटल्या. २०१४ पासून एक-दोन दिवसांची ला कूर्स नावाची रेस असायची, पहिली व्हॉसनेच जिंकली, आणि २४ जुलै २०२२ ला आयफेल टॉवरपासून आठ स्टेजची आताची टूर निघाली. ती जिंकली व्हान फ्ल्यूटन, सुरुवातीचे दिवस पोट बिघडल्याने बेजार होती आणि शेवटच्या दोन डोंगरांवर दोन्ही स्टेज जिंकून गेली.

पैसा म्हणाल तर २०२२ ला एकूण बक्षीस अडीच लाख युरो, विजेतीला ५० हजार. पुरुषांच्या विजेत्याला पाच लाख. वर्ल्ड टूर, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीच्या, टीममधल्या बायकांना किमान पगार असा प्रकार २०२० पर्यंत नव्हताच, त्या वर्षी १५ हजार युरो ठरला आणि पुढे वाढत गेला. म्हणजे आज चाळिशीकडे झुकलेल्या रायडरनी करिअरची अर्धी वर्षं किमान पगाराविना काढलीत. २०२१ ला पहिली बायकांची पॅरिस-रुबे झाली, फरसबंदीच्या रस्त्यांवरची, लिझी डिगनन ८० च्या आसपास किलोमीटर एकटी पुढे राहून जिंकली, ग्लोव्हज न घातल्यामुळे हँडलबारच्या टेपवर रक्त, आणि बक्षीस दीड हजार युरो. पुरुषाला ३० हजार. फरक तिच्या टीमने स्वतःच्या खिशातून भरला.

पायरी ९ : कधी बसायचं

उन्हाळ्यात युरोपची घड्याळं आपल्या साडेतीन तास मागे असतात, तिकडे संध्याकाळी पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. मोठ्या रेसचा शेवट आपल्या जेवणाच्या वेळेला पडतो, त्यामुळे माणसं जमतात. एप्रिलच्या आसपास एक दिवसाच्या रेसा, फ्लँडर्स, रुबे, लीज. मग स्पेनची व्हुएल्ता, इटलीची जिरो आणि जुलै-ऑगस्टच्या सुमारास टूर, यातल्या तारखा मागेपुढे होतात म्हणून त्या त्या वर्षीचं कॅलेंडर बघून घ्या. लाइव्ह कुठल्या अ‍ॅपवर आहे तेही आधी शोधून ठेवा, आयत्या वेळी पासवर्ड आठवत नाही. पण हायलाइट्स आयोजकांच्याच चॅनलवर फुकट पडतात.

अख्खी स्टेज बघायची गरज नाही. सपाट स्टेजचे शेवटचे पंधरा किलोमीटर पुरतात. डोंगराची असेल तर शेवटच्या घाटाच्या आधीच्या घाटापासून बसा, कारण खेळ बरेचदा तिथेच फुटतो, शेवटच्या घाटावर फक्त निकाल दिसतो. टाइम ट्रायल नव्या माणसाला कंटाळवाणी वाटते, पहिल्या वर्षी सोडून दिली तरी चालेल, फक्त संध्याकाळी चिठोऱ्यावरचे सेकंद दुरुस्त करायला विसरू नका.

प्रत्यक्ष बघायची सोय आपल्याकडे बायकांच्या या पातळीच्या रेससाठी अजून नाही. जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर पुरुषांची. तरी रस्त्याच्या कडेला उभं राहून पेलोटॉन एकदा जवळून जाऊ द्याच, कुठलंही असो. आधी मोटरसायकली, मग काहीच नाही, मग मधमाश्यांसारखा चेन आणि चाकांचा एकच आवाज, आणि गेल्यानंतर तोंडावर वारा येतो, खरंच येतो, ओढणी उडते. पायरी दोन तिथे चार सेकंदांत कळते.

कुठून सुरुवात करू असं विचाराल तर आज रात्री आल्प द्युएझ २०२४ चे हायलाइट्स लावा, कागदावर ७५ लिहा आणि वजा करत बसा. उद्या त्याच टूरची पाचवी स्टेज, शेवटचे दहा किलोमीटर. मुद्दाम उलट क्रमाने सांगतेय, आधी चार सेकंद बघितलेले असले की ते पडणं बघताना वेगळं वाटतं. आई आता दर वर्षी ऑगस्टच्या आधी विचारते, "तुझी ती पडलेली आहे ना यंदा?" आणि भाजी आधीच करून ठेवते.